आवाजाला कुलूप घालणारा माणूस : अ‍ॅलन ट्युरिंग

ट्युरिंग हे नाव कॉम्प्युटरच्या मुलामुलींना पहिल्यांदा भेटते ते थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या सिलॅबसमध्ये, आणि तेही एका न संपणाऱ्या टेपच्या रूपात. हेड डावीकडे न्या, उजवीकडे न्या, सिम्बॉल बदला, मार्क घ्या आणि सुटा! मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांची तर तेवढीही ओळख होत नाही. फार तर २०१४ साली त्याच्यावर आलेला सिनेमा लॅपटॉपवर पाहिलेला असतो. पण याच माणसाने दुसऱ्या महायुद्धात स्वतः हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन आवाज सुरक्षितपणे पाठवण्याचे एक यंत्र बनवले होते, हे सिलॅबसमध्येही नाही आणि सिनेमातही नाही.

आज आपण फोटो, गाणी, लेक्चरचे व्हिडिओ, घरच्यांशी केलेले व्हिडिओ कॉल, सगळे बिनधास्त दुसऱ्याच्या मशीनवरून पाठवतो. त्याला आपण क्लाउड म्हणतो. मधल्या माणसाला कळू न देता आवाज आणि चित्र कसे पोचवायचे, किल्ली कोणाकडे ठेवायची, हे प्रश्न ट्युरिंगच्या टेबलावर १९४३ सालीच येऊन पडले होते. आणि ज्याने देशाची गुपिते जपली, त्याचेच खाजगी आयुष्य त्याच देशाने कोर्टात उघडे केले. म्हणून या वर्षीच्या अंकात त्याची ही गोष्ट.

मद्रासचे आजोबा

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. पण त्याच्या घरात हिंदुस्थान भरलेला होता. वडील ज्युलियस ट्युरिंग इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये मद्रास इलाख्यात अधिकारी. आई एथेल सारा हिचा जन्म तर कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. आणि आईचे वडील एडवर्ड वॉलर स्टोनी हे मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनीअर! म्हणजे आजोबा आपल्याच बिरादरीतले.

वडिलांची नोकरी इकडे आणि मुलांना मात्र इंग्लंडमध्ये वाढवायचे, अशी त्या काळच्या साहेब लोकांची रीत होती. त्यामुळे अ‍ॅलन आणि त्याचा मोठा भाऊ जॉन यांना एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवले गेले. आई-वडील मधूनमधून येणार, पुन्हा बोटीने जाणार. होस्टेलवर राहणाऱ्यांना निदान दिवाळीला घरी जाता येते. या मुलाचे बालपण तसे परक्यांच्या घरीच गेले.

१९२६ साली त्याला शेरबोर्न नावाच्या शाळेत घातले. टर्म सुरू व्हायची आणि नेमका देशभर संप. रेल्वे बंद! तेरा वर्षांचा हा मुलगा साउदॅम्प्टन बंदरात उतरला आणि सायकलवर बसून निघाला. जवळजवळ शंभर किलोमीटर अंतर त्याने वाटेत एका खाणावळीत मुक्काम करून कापले आणि शाळेत हजर झाला. शाळेतल्या शिक्षकांना मात्र त्याचे फारसे कौतुक नव्हते. गणितात हुशार, पण अक्षर घाणेरडे, वह्या शाईने बरबटलेल्या. त्याची जर्नल्स आपल्याकडच्या सबमिशनला नक्की परत आली असती.

शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा एक मित्र भेटला. दोघे मिळून तारे बघायचे, केमिस्ट्रीची समीकरणे सोडवायचे. ट्युरिंगचा त्याच्यावर फार जीव होता. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने अचानक गेला. माणूस गेल्यावर त्याच्या मनाचे काय होते, मन हे शरीराच्या यंत्राशिवाय राहू शकते का, हे प्रश्न ट्युरिंगच्या डोक्यात तेव्हापासून घर करून बसले. पुढे यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न त्याने जगासमोर मांडला, त्याची एक मुळी इथपर्यंत येते असे त्याचे चरित्रकार मानतात.

टेपवाले मशीन

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधून तो १९३४ साली पदवीधर झाला आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिथलाच फेलो. १९३६ साली त्याने तो प्रसिद्ध पेपर लिहिला. गणितातले कोणतेही विधान सिद्ध होईल की नाही हे ठरवण्याची एक ठराविक पद्धत असू शकते का, असा तो प्रश्न होता. उत्तर ‘नाही’ असे आले. पण उत्तरापेक्षा वाट महत्त्वाची ठरली. पद्धत म्हणजे नेमके काय हे सांगण्यासाठी त्याने एक कागदी यंत्र कल्पिले, तेच आपले ट्युरिंग मशीन. आणि त्यातच त्याने दाखवले की एकच यंत्र, योग्य सूचना दिल्या तर, बाकीच्या सगळ्या यंत्रांची कामे करू शकते. फोन एकच, त्यातच कॅमेरा, त्यातच रेडिओ, त्यातच बँक, हे आज जे चालते त्याचे बीज तिथे आहे.

तिथून तो अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ मध्ये पीएचडी करून परतला. गंमत म्हणजे तिथे असताना या शुद्ध गणितवाल्याने फिजिक्सच्या वर्कशॉपमध्ये स्वतः रिले बनवून बायनरी गुणाकार करणारे एक यंत्र उभे करायला घेतले होते. उद्देश काय, तर मेसेज हा एक मोठा आकडा समजायचा, त्याला दुसऱ्या गुप्त आकड्याने गुणायचे आणि पाठवून द्यायचा. म्हणजे गुप्तलेखनाचा नाद युद्धाच्या आधीपासूनच होता.

एनिग्मा

४ सप्टेंबर १९३९ ला, ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ट्युरिंग ब्लेचली पार्कला कामावर रुजू झाला. जर्मन सैन्याचे संदेश एनिग्मा नावाच्या टाइपरायटरसारख्या यंत्रातून कोड होऊन जात. फिरत्या चकत्या आणि पुढच्या बोर्डावरच्या वायरी कशा लावायच्या याचे एकूण प्रकार सुमारे १५९ च्या पुढे अठरा शून्ये इतके! आणि ही मांडणी रोज बदलणार.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. एनिग्माला पहिले भगदाड इंग्रजांनी पाडलेले नाही, ते पाडले पोलंडच्या रेयेव्स्की, रुझिट्स्की आणि झिगाल्स्की या तीन तरुण गणितज्ञांनी. त्यांनी जुलै १९३९ मध्ये आपले सगळे काम ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केले. ट्युरिंगने त्यावर पुढची इमारत चढवली.

एनिग्मात एक खोट होती. कोणतेही अक्षर कोड झाल्यावर पुन्हा तेच अक्षर होऊ शकत नसे. शिवाय जर्मन शिस्तीचे. रोज ठराविक वेळी हवामानाचा संदेश, ठराविक शब्दांत. म्हणजे संदेशात कुठला शब्द असणार याचा अंदाज आधीच. तो अंदाज धरून लाखो मांडण्या झपाझप बाद करणारे बाँब नावाचे विजेवर चालणारे यंत्र ट्युरिंगने डिझाइन केले. मार्च १९४० मध्ये पहिले बाँब बसले. गॉर्डन वेल्चमन या सहकाऱ्याने त्यात एक सुधारणा सुचवली आणि त्याचा वेग खूपच वाढला. पुढे अशी दोनशेच्या आसपास यंत्रे चालू होती आणि ती चालवणाऱ्या बहुतेक मुली होत्या, आपल्याच वयाच्या.

माणूस म्हणून तो अगदीच विक्षिप्त होता. जूनमध्ये परागकणांमुळे सर्दी व्हायची, म्हणून गॅस मास्क घालून सायकल चालवायचा. सायकलची चेन ठराविक फेऱ्यांनंतर निसटायची, तर ती दुरुस्त करण्याऐवजी फेऱ्या मोजत जायचा आणि चेन पडायच्या आत उतरून ती सरळ करायचा. चहाचा मग कोणी पळवू नये म्हणून त्याने तो साखळीने रेडिएटरला बांधून ठेवला होता. (मेसमध्ये ही कल्पना वापरायला हरकत नाही.) युद्धात पैसे बुडतील या भीतीने चांदीच्या लगडी विकत घेऊन जंगलात पुरल्या, जागेची खूण सांकेतिक भाषेत लिहिली, आणि पुढे त्याला स्वतःलाच त्या कधी सापडल्या नाहीत! किल्ली हरवली की डेटा गेला, हा धडा त्याने असा स्वखर्चाने घेतला.

पन्नास टनांचा टेलिफोन

आता येतो आपल्या विषयाचा गाभा. अक्षरांचा संदेश कोड करणे ही एक गोष्ट. पण बोलणे कसे कोड करायचे? अक्षरे सव्वीसच असतात, आवाज सलग असतो. त्याचे तुकडे कसे पाडायचे?

त्या वेळी रुझवेल्ट आणि चर्चिल अटलांटिक समुद्रापलीकडे रेडिओ-टेलिफोनवर बोलत. त्यासाठी जे स्क्रॅम्बलर होते ते आवाजाच्या पट्ट्यांची फक्त अदलाबदल करायचे. पत्ते पिसल्यासारखे. जर्मनांनी ते फोडले होते आणि ते हे संभाषण ऐकत होते. यावर अमेरिकेत बेल लॅबने एक नवे यंत्र बनवले. पुढे त्याचे नाव सिगसॅली पडले. ब्रिटनने ते वापरावे की नाही, ते खरेच सुरक्षित आहे का, हे तपासायला ट्युरिंगला नोव्हेंबर १९४२ मध्ये बोटीने अमेरिकेला पाठवण्यात आले. समुद्रात तेव्हा जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. अमेरिकेत पोचल्यावरही त्याला यंत्र बघू द्यायचे की नाही यावर वरिष्ठ पातळीवर बराच खल झाला. शेवटी परवानगी मिळाली आणि १९४३ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कच्या बेल लॅबमध्ये दाखल झाला.

सिगसॅलीची युक्ती आजही शिकण्यासारखी आहे. आवाज जसाच्या तसा न पाठवता आधी त्याचे वर्णन काढायचे. कोणत्या पट्टीत किती जोर आहे, स्वर किती उंच आहे, अशी बारा चॅनेल. सेकंदाला पन्नास वेळा मोजमाप घ्यायचे. प्रत्येक मोजमाप ० ते ५ अशा सहा पायऱ्यांत बसवायचे. म्हणजे आधी कॉम्प्रेशन, मग डिजिटायझेशन. त्यानंतर त्यात किल्लीचा एक यादृच्छिक, म्हणजे रँडम, आकडा मिळवायचा. बेरीज पाचाच्या पुढे गेली तर सहा वजा करायचे, घड्याळात बारानंतर एक वाजतो तसे. समजा आवाजाची पायरी ४ आहे आणि किल्लीचा आकडा ५. बेरीज ९, त्यातून ६ गेले, उरले ३. तारेवर जाते ते ३. ऐकणाऱ्या जर्मनाला ३ वरून काहीच कळत नाही, कारण मूळ आकडा सहापैकी कोणताही असू शकतो. पलीकडचा मित्र ३ मधून ५ वजा करतो, उणे २ येतात, ६ मिळवतो, आणि पुन्हा ४ मिळतात. झाले!

पण ही किल्ली दोन्हीकडे तीच हवी आणि एकदाच वापरायला हवी. यासाठी व्हॅक्यूम ट्यूबमधल्या विजेच्या खरखरीची ग्रामोफोन रेकॉर्ड बनवत. एक प्रत वॉशिंग्टनला, एक लंडनला. दोन्ही रेकॉर्ड अगदी एकाच क्षणी सुरू करायच्या, आणि वापर झाला की नष्ट करायच्या. एका टोकाच्या यंत्राचे वजन जवळजवळ पन्नास टन, चाळीस रॅक. लंडनमध्ये ते चर्चिलच्या तळघरात मावेना, म्हणून सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात ठेवले होते. १५ जुलै १९४३ ला ते सुरू झाले. वरती लोक खरेदी करत होते आणि खाली युद्धाची खलबते चालली होती. यंत्राची ही सगळी हकीकत १९७६ पर्यंत गुप्त राहिली.

बेल लॅबमध्येच ट्युरिंगची गाठ क्लॉड शॅननशी पडली. हाच तो, आपल्या कम्युनिकेशनच्या पुस्तकातला शॅनन. सिगसॅलीसारख्या पद्धतीत किल्ली खरोखर रँडम असेल आणि एकदाच वापरली तर ती कोणालाही, कितीही वेळ दिला तरी, फोडता येणार नाही हे शॅननने गणिताने सिद्ध केले. त्याचा हा अभ्यास १९४९ साली उघडपणे छापला गेला. दोघे कँटीनमध्ये चहाला भेटत, पण गुप्ततेची शपथ असल्यामुळे आपापले काम एकमेकांना सांगू शकत नसत. म्हणून मग यंत्राला मेंदूसारखा विचार करता येईल का, यावर गप्पा मारत. जगातले दोन सर्वांत हुशार क्रिप्टोवाले एका टेबलावर आणि क्रिप्टोबद्दल बोलायची बंदी!

डिलायला

ट्युरिंगने सिगसॅली पाहिले, त्यातले तत्त्व पटले, पण पन्नास टन? एक टेलिफोन करायला चाळीस कपाटे? हे त्याला पटेना. १९४३ च्या मार्चमध्ये परतल्यावर त्याने छोटे यंत्र बनवायचे मनावर घेतले. हॅन्स्लोप पार्क नावाच्या ठिकाणी एक शेड, थोडे सामान आणि मदतीला डोनाल्ड बेली हा तरुण इंजिनीअर. बेली पद्धतशीर, ट्युरिंगची जोडणी म्हणजे कोळ्याचे जाळे. बेलीने त्याला नीट सर्किट बांधायला शिकवले आणि ट्युरिंगने बेलीला गणित. यंत्राला नाव पडले डिलायला. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना ही बाई माहीत असते, बायबलमधली सॅमसनला फसवणारी. शत्रूला फसवणारे यंत्र, म्हणून हे नाव.

डिलायलात कल्पना अशी होती. आवाजाच्या पट्ट्या वगैरे काढत बसायचे नाही. लाटेची उंचीच सरळ सेकंदाला ४००० वेळा मोजायची. २००० हर्ट्झपर्यंतचे बोलणे पकडायला एवढे पुरते. प्रत्येक उंचीत किल्लीचा आकडा मिळवायचा आणि मर्यादेबाहेर गेले की घड्याळासारखे परत फिरवायचे. आणि किल्ली? रेकॉर्ड नकोतच. दोन्ही टोकांना सारखीच यंत्रे ठेवायची, त्यांची सुरुवातीची मांडणी सारखी करायची, म्हणजे ती आपोआप सारखेच, पण बाहेरच्याला अंदाज येणार नाहीत असे आकडे निर्माण करत राहतील. विमानाने पेट्या पाठवायची कटकट संपली. लक्षात ठेवायची फक्त सुरुवातीची मांडणी. आज ज्याला आपण स्ट्रीम सायफर म्हणून शिकतो, त्याचाच हा विजेवरचा आजोबा.

हे सगळे काही छोट्या पेट्यांत बसले. चर्चिलच्या एका भाषणाची रेकॉर्ड लावून त्याने ते चालवून दाखवले. एका टोकाला भाषण, मधे नुसती खरखर, दुसऱ्या टोकाला पुन्हा भाषण. १९४५ च्या वसंतात यंत्र तयार झाले आणि मे महिन्यात युरोपातले युद्ध संपले! शिवाय लांब पल्ल्याच्या रेडिओवर ते चालण्यासारखे नव्हते आणि आवाजातही खरखर उरत होती. सरकारला त्यात रस राहिला नाही. डिलायला एकदाही प्रत्यक्ष कामाला लागले नाही. आपल्यातल्या कितीतरी फायनल इयर प्रोजेक्टचे जे होते तेच. व्हायवा उत्तम, पुढे कपाटात. बेलीने जपून ठेवलेली त्या कामाची टिपणे मात्र २०२३ मध्ये लंडनला लिलावात निघाली, तेव्हा हे काम किती पुढचे होते ते पुन्हा सगळ्यांना दिसले.

युद्धानंतर

युद्धानंतर तो नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेला आणि ए.सी.ई. या कॉम्प्युटरचे सविस्तर डिझाइन केले. कामाला उशीर होतोय म्हणून कंटाळून १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गेला. १९५० मध्ये यंत्र विचार करते की नाही हे ओळखण्याची परीक्षा मांडली, तीच ट्युरिंग टेस्ट. फॉर्म भरताना वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा आठवतो ना, त्यातला टी म्हणजे ट्युरिंगच. १९५१ ला रॉयल सोसायटीचा फेलो. झेब्र्यावर पट्टे आणि बिबट्यावर ठिपके कसे येतात याचेही गणित १९५२ मध्ये मांडले. पळण्यातही मागे नव्हता. १९४७ मध्ये मॅरेथॉन त्याने २ तास ४६ मिनिटांत पुरी केली होती. जिमखान्यावाल्यांनी नोंद घ्यावी.

पण युद्धातल्या कामाबद्दल तो कोणाला काही सांगू शकत नव्हता. आईलाही नाही. तिने १९५९ मध्ये मुलाचे चरित्र लिहिले, त्यात एनिग्मा नाही. तिला ते माहीतच नव्हते. ब्लेचलीची हकीकत १९७४ मध्ये जगासमोर आली.

चोरीची तक्रार

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंगच्या मँचेस्टरजवळच्या घरी चोरी झाली. किरकोळ वस्तू गेल्या. त्याने कोणत्याही नागरिकाने करावे ते केले, पोलिसात तक्रार दिली. चौकशीत पोलिसांना चोराइतकाच रस घरमालकात वाटू लागला. चोर ज्याच्या ओळखीचा होता त्या तरुणाशी ट्युरिंगचे संबंध होते. ट्युरिंग समलैंगिक होता. त्याने ते पोलिसांसमोर न लपवता लिहून दिले, कारण आपण काही वाईट केले आहे असे त्याला वाटतच नव्हते. पण इंग्लंडमध्ये १८८५ च्या कायद्याने तो गुन्हा होता. तक्रार करणाराच आरोपी झाला!

३१ मार्च १९५२ रोजी खटला उभा राहिला. त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंग, नाहीतर वर्षभर हार्मोनची इंजेक्शने, असे दोन पर्याय होते. काम चालू राहावे म्हणून त्याने इंजेक्शने घेतली. पळणारे, सडपातळ शरीर त्या औषधांनी बदलत गेले. सरकारी गुप्तलेखनाचे सल्लागार म्हणून जे काम तो अजून करत होता ते बंद झाले. देशाची एवढी गुपिते ज्याच्या पोटात सुखरूप राहिली, तो एकाएकी विश्वासाला अपात्र ठरला. कोर्टात तो आपल्या कामगिरीचा एक शब्दही काढू शकत नव्हता. त्याने काढलाही नाही.

८ जून १९५४ च्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंना तो बिछान्यात मृतावस्थेत सापडला. आदल्या दिवशी, ७ जूनला, सायनाइडने मृत्यू. शेजारी अर्धवट खाल्लेले सफरचंद. चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. हा अपघात होता असे आईने शेवटपर्यंत मानले, आणि काही अभ्यासकही ती शक्यता मांडतात, कारण घरात तो सायनाइड लागणारे विजेचे प्रयोग करत होता आणि सफरचंद कोणी तपासलेच नाही. वय फक्त एक्केचाळीस.

उशिरा आलेला शहाणपणा

इंग्लंड आणि वेल्समधला तो कायदा १९६७ मध्ये सैल झाला. २००९ साली पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी सरकारतर्फे माफी मागितली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये राणीने त्याला माफी दिली. २०१७ च्या कायद्याने त्याच्यासारख्या हजारोंना तशीच माफी मिळाली. २३ जून २०२१ पासून त्याचे चित्र पन्नास पौंडाच्या नोटेवर आहे. पण माफी कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्न मनात येतोच.

आपल्याकडेही असाच इंग्रजी कायदा ३७७ कलमाच्या रूपाने १८६० पासून होता. इंग्रज गेले, कलम राहिले. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढले. आणि त्याच्या वर्षभर आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला होता. ट्युरिंगला जे कधीच मिळाले नाही ते आपल्याला मिळाले आहे. त्याची किंमत कळायला त्याची गोष्ट उपयोगी पडावी.

गुपित वेगळे, खाजगीपणा वेगळा

ट्युरिंगच्या आयुष्यातून मला कळलेली गोष्ट एवढीच. गुपित हे बहुधा सरकारचे, सैन्याचे, कंपनीचे असते. खाजगीपणा माणसाचा असतो. पहिले जपायला पन्नास टनांची यंत्रे बांधली जातात. दुसऱ्यासाठी एक साधे दार लावून घेण्याचीही मुभा कधी कधी नसते.

आज क्लाउडवर सिनेमा विकणाऱ्या कंपन्यांचा प्रश्न घ्या. पायरसी थांबवण्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रतीत डोळ्याला न दिसणारा वेगळा शिक्का घालता येतो. प्रत बाहेर फुटली की कोणाकडून फुटली ते कळते. सिनेमा सुरक्षित झाला. पण मग कोण कधी काय बघतो याची यादीही कंपनीकडे आणि क्लाउडवाल्याकडे तयार होते. म्हणून संशोधक अशा पद्धती शोधत आहेत की फाइल कुलुपात असतानाच, ती न उघडता, त्यात शिक्का घालता यावा. चोर सापडावा, पण साध्या गिऱ्हाइकाची पाळत होऊ नये. गुपित आणि खाजगीपणा दोन्ही एकदम सांभाळायचे, हेच त्यातले खरे इंजिनीअरिंग.

आणि शेवटची कडी गणिताच्या हातात नाहीच. मोबाईलवरचा कॉल दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते, हे सगळे ठीक. पण किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानेच स्क्रीनशॉट काढला तर? होस्टेलच्या ग्रुपवर कोणाची तरी क्लिप येते, कोणाचे तरी चॅट फिरते, आणि आपण हसत हसत पुढे ढकलतो. पाठवणाऱ्याचा तो विश्वास असतो, ज्याच्याबद्दल आहे त्याचे ते आयुष्य असते. तिथे एनक्रिप्शन काही करू शकत नाही. तिथे फक्त आपला अंगठा थांबू शकतो.

संगणक क्षेत्रातला सर्वांत मोठा पुरस्कार १९६६ पासून ट्युरिंगच्याच नावाने दिला जातो. २०१५ चा तो पुरस्कार डिफी आणि हेलमन यांना मिळाला, अनोळखी माणसांनाही आधी न भेटता किल्ली ठरवता येते हे दाखवल्याबद्दल. ग्रामोफोनच्या रेकॉर्ड विमानाने पाठवणाऱ्यांना हे ऐकून केवढा आनंद झाला असता! डिलायलाच्या पेट्या आज कुठेच चालत नाहीत. पण तुमच्या खिशातला फोन आत्ता जे करतोय, त्यात त्या शेडमधली मेहनत आहे. पुढच्या वेळी थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या पेपरात ट्युरिंग मशीन काढाल तेव्हा टेप नीट काढा, मार्क घ्या, आणि त्या टेपमागच्या माणसाचीही आठवण ठेवा.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)